सत्तर टक्के

शर्यतीच्या नियमाप्रमाणे टाकीत इथेनॉल सत्तर टक्केच हवं. शाल्मलीच्या गाडीचं मीटर तीन दिवस पंच्याऐंशी दाखवत होतं.

“दस्तगीरचाचा, टाकीत काय मिसळलंत?”

“पोरी, माझ्यावर संशय?” तिचा जुना मेकॅनिक दुखावला.

तरी तिने शर्यतीच्या आयोजकांकडे तक्रार केली आणि चाचांचा परवाना गेला. मग ताजं इंधन भरून, टाकीला सील ठोकून ती दुपारभर समोर बसली. सील शाबूत राहिलं, आकडा मात्र चढत गेला. गाडी बनवणाऱ्या कंपनीने टाकीत पेट्रोल खाऊन इथेनॉल करणारे जिवाणू सोडले होते. सत्तरवर ते आपोआप थांबतात, असं कंपनीने सांगितलं होतं. ते थांबलेच नव्हते.

ती धावत आयोजकांकडे गेली. सगळं सांगून तिने चाचांचा परवाना परत मागितला.

“खरं कारण लिहून दिलंत, तर गाडी बाद होईल,” ते म्हणाले.

शाल्मलीने किल्ली टेबलावर ठेवली. “कागद द्या.”