बिनसाबणाचा त्रेपन्नावा दिवस

शेवंतीने नवऱ्याचा अंग घासायचा काथ्याचा बोळा उचलला आणि परसातल्या माडाच्या आळ्यात भिरकावून दिला. मग ती न्हाणीच्या दारात आडवी उभी राहिली. तिच्या हातात दुकानातून आणलेला कोरा साबण होता.

“ह्यो लावा. नायतर वालावलाक मी एकटीच जातंय.”

हरिश्चंद्र कमरेला पंचा गुंडाळून समोर उभा. “अगो, आज त्रेपन्नावो दिवस,” तो म्हणाला. जसं काही कुणी बक्षीसच देणार होतं.

बोटीवरची नोकरी संपवून दिवाळीला तो आरोंद्याला कायमचा घरी आला. दोन महिने होत नाहीत तोच मोबाइलवर कुणाचंसं ऐकून त्याने साबण सोडला. शाम्पूही सोडला. डोक्यावर केस ते किती, पण सोडला. नुसतं गरम पाणी आणि काथ्याचा बोळा. प्रयोग म्हणे! पहिले पंधरा दिवस तर विचारू नका. शेजारचा भाई गजाली मारायला यायचा, तो दारापुढच्या खळ्यातूनच ओरडायचा, “हरिश्चंद्रा, पलीकडे बस रे बाबा, वारो हयसर येता!” पुढे तो वास गेला, हे मात्र कबूल करायला हवं. आता अंगाला दुसराच काही वास येत होता. वाईट नव्हता. फक्त शेवंतीच्या ओळखीचा नव्हता.

“भाचीचो, दिव्याचो साखरपुडो आसा,” ती म्हणाली. “माझ्या भावाच्या घरात माझी शोभा करतास?”

“माणसांका काय्येक कळना नाय. तुकाच तेवढो वास येता.”

“येता. माकाच येता. कोण परको माणूस घरात इलोसो वाटता माका.”

हरिश्चंद्राचा चेहरा पडला. तो न्हाणीच्या पायरीवर बसला.

“शेवंती, एकतीस वर्षां मी इंजिनरूमात. अंगाक डिझेलचो वास, नायतर तो घालवूक साबणाचो. माझो स्वताचो वास कसो, तो माका म्हायतच नाय गो. मराच्या आधी एकदा बघूचो आसा.”

इतकं एका दमात तो आयुष्यात बोलला नव्हता. शेवंतीला गलबलून आलं. पण ती कसली ऐकतेय! तरातरा घरात गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि परत आली ती ओचा भरून. पायरीवर तिने सगळं ओतलं.

साबण होते. हिरवे, पिवळे, पांढरे. ज्या बंदरांची नावं तिला कधी धड घेता आली नाहीत, तिथले. बोटीवर अंगाला लावायचा त्यातलेच प्रत्येक सुट्टीला तो पिशवीभर आणायचा, ते नणंदा-भावजयांत वाटले जायचे, आणि एक शेवंती लुगड्यांच्या घडीत ठेवून द्यायची. लुगड्यांना वास लागावा म्हणून ठेवते, असं तो समजत होता. एकही वापरलेला नव्हता. पण प्रत्येकाच्या कागदाचा एक कोपरा फाडलेला होता, आणि तिथे बोटं लागून लागून कागद काळा पडला होता.

“तुमचो वास तुमका म्हायत नसात. माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “तुमी बोटीर, आणि माझ्या वाट्याक ह्ये. तुमचो फोन येना नाय, तेव्हा कपाट उघडून ह्येच हुंगलंय.”

हरिश्चंद्राने त्यातला एक उचलला. फाटका कोपरा नाकाशी नेला. मग उठला, साबण घेऊन न्हाणीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. झालं, प्रयोग संपला.

शेवंती तयार झाली. जरीची साडी नेसली, अबोलीचा वळेसर केसांत माळायला घेतला. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने दाराच्या फटीतून तो वास परसात आला. तिची पिन हातातच राहिली. किती वाट बघितली होती तिने ह्या वासाची! विहिरीवर, शेतात, तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी. माणूस घरी येऊन चार महिने होत आले होते आणि ही बाई आपली अजून वाटच बघत होती.

दार उघडलं. हरिश्चंद्र टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. शेवंती पुढे झाली. भरदिवसा, शेजारी कोण बघेल याची पर्वा न करता, तिने त्याच्या मानेशी नाक नेलं, डोळे मिटले आणि पोटभर श्वास घेतला.

“हां. आता इलास.”

तो हसला. तीही हसली. त्याच्या हातातला टॉवेल घेऊन दोरीवर टाकता टाकता, दर सुट्टीला विचारायची तसंच तिच्या तोंडून निघून गेलं.

“मगे, किती दिवस आसास?”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. टॉवेल दोरीवर अर्धाच लोंबत राहिला आणि तिने पदर तोंडाला लावला.

“आता खंय जावचा नाय गो,” तो हळूच म्हणाला. ती नुसती मान हलवत होती. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

हरिश्चंद्राने आपलंच मनगट हुंगलं; सुट्टीवर आलेल्या माणसाचा वास होता तो. मग वळला आणि परत न्हाणीत शिरला. भसाभस पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. तांब्यावर तांब्या.

“शेवंती,” त्याने आतून विचारलं, “बोळो खंय टाकलंस गो माझो?”

शेवंतीने जरीचा काठ गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि माडाच्या आळ्यात उतरून ती बोळा शोधू लागली.