कोठीवरचा बाप्पा

धान्याच्या नव्या कोठीच्या झाकणावर जस्ताची एकेचाळीस फुलं होती. माझ्या मते सगळे स्फटिक. सासूबाईंच्या मते चाळीस फुलं आणि एक गणपती.

“आई, वितळलेलं जस्त थिजताना असे आकार होतात. पत्रा गंजू नये म्हणून तो थर देतात.”

“तुझ्या एम.एस्सी.ला सोंड दिसत नाही, त्यात बाप्पाचा काय दोष?”

पितळी देवांबरोबर त्या या बाप्पालाही रोज लिंबाने घासू लागल्या.

“लिंबाने जस्त जातं, आई. आत वर्षाचे गहू आहेत.”

“तो राखेल गं. उंदीरसुद्धा त्याचेच.”

दसऱ्याला मी कामावरून थराची जाडी मोजायचं यंत्र आणलं. सासूबाईंनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मगच मोजू दिलं.

फुलांचा थर वीस मायक्रॉन भरला, गणपतीचा शून्य.