डॉर्कसची लेक

रोवेनाने डुकरिणीचा डावा कान उचलून पाहिला, मग उजवा. दोन्ही कान झापडांसारखे डोळ्यांवर लोंबत होते. नोंदणीचा बिल्ला एकातही नव्हता.

"कान काय चाचपतेस पोरी? पाठ बघ तिची!" कुंपणाला टेकलेले हेडलीकाका म्हणाले. "वर चहाची किटली ठेवलीस तरी सांडायची नाही."

पाठ तिने फाटकातूनच पाहिली होती. पाठ, पाय, आचळं, काळी कुळकुळीत कातडी. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. कॉर्नवॉलच्या या जुन्या काळ्या जातीतल्या डॉर्कस घराण्याच्या शेवटच्या डुकरिणी हेडली ट्रेगन्नांकडेच होत्या. त्यांच्यानंतर कुणाची नोंद नव्हती, म्हणून ते घराणं संपल्यातच जमा होतं. त्यातली एक लेक अजून आहे असं कानावर आलं, तशी रोवेना गाडीला पिंजरा जोडून टेमर नदीपलीकडून आली होती.

"हिची नोंद का नाही केलीत, काका?"

"ते सगळं माझी थिर्झा बघायची." म्हाताऱ्याने खिशातल्या पेस्टीची, खिमा भरलेल्या करंजीची, कड मोडून डुकरिणीपुढे धरली. "ही जन्मली तेव्हा बायको माझंच नाव विसरायला लागली होती. डुकरांची कुठून लक्षात राहणार?"

रोवेनाने तिथूनच या जातीच्या नोंदी ठेवणाऱ्या संघाच्या चिटणीसांना फोन लावला.

"हेडली खोटं बोलणारा माणूस नाही," ते म्हणाले. "पण त्याच्या शब्दावर ही नोंदवून घेतली, तर उद्या नाही कुणाला म्हणू? हिच्या आईबापांतलं एक जरी जिवंत असतं, तर रक्त तपासून घेतलं असतं. आणि रोवेना, नियम कडक करा म्हणून सभेत भांडलीस ती तूच ना?"

भांडली होती खरी. कानात बिल्ला असलेला एक देखणा नर तिने एका गोडबोल्याकडून घेतला होता. कागद मागून येतील म्हणाला, तिने पडताळलं नाही. त्याच्या नातवंडांत तांबडी पिल्लं निघाली तेव्हा कळलं, बिल्ला भलत्याच, मेलेल्या डुकराचा होता. तोवर त्याच्या लेकी तिच्या कळपात होत्या, कुणाकुणाला विकल्याही होत्या. सगळा कळप खाटकाकडे गेला. ज्यांना विकल्या, ते अजून तिच्याशी बोलत नाहीत.

फोनवरचं बोलणं हेडलीकाकांनी ऐकलं होतं. ते घरात गेले आणि तंबाखूची डबी घेऊन आले. डबीत एक पिवळा बिल्ला होता.

"हिच्या थोरल्या बहिणीचा. ती गेल्याचं कळवायचं राहूनच गेलं. तुमच्या नोंदपुस्तकात ती अजून चरतेय." त्यांनी बिल्ला रोवेनाच्या हातावर ठेवला. "आई तीच, बाप तोच. लाव हिच्या कानात. यात खोटं काय आहे?"

रोवेनाने मूठ मिटली. कुणाला कळलं नसतं. चिटणीससुद्धा खूश झाले असते. डुकरीण तिच्या बुटांवर नाक घासत होती.

मग तिने बिल्ला परत डबीत टाकला.

"नाही जमणार, काका."

"शुक्रवारी मी लेकीकडे प्लिमथला चाललो. तिच्याकडे कुंडी ठेवायला जागा नाही." म्हाताऱ्याचा आवाज चढला. "आजी, पणजी, साऱ्या माझ्या हाताखाली जन्मल्या. आणि ही कुणीच नाही? मग ही आहे तरी कोण, सांग की!"

रोवेनाने पिंजऱ्याची फळी खाली टाकली आणि डुकरिणीला आत घेतलं.

घरी तिने तिला कळपापासून लांब, सफरचंदांच्या बागेत ठेवलं. नर कधी दाखवला नाही. पिल्लं झाली असती, तर एकूण एक डॉर्कस झाली असती आणि नोंद नाही म्हणून एकूण एक खाटकाकडे गेली असती. प्लिमथहून हेडलीकाकांचा फोन यायचा. "पिल्लांची काही खबर?" विचारायचे. "अजून नाही, काका," ती म्हणायची. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. नुसतंच "खाते ना नीट?" म्हणायचे.

पुढच्या वसंतात एक तरुण जोडपं तिच्याकडे डुकरिणी घ्यायला आलं. शहाणी पोरं होती; एकेक बिल्ला कागदाशी ताडून बघत होती. बागेपाशी पोरगी थबकली.

"अय्या, काय देखणी आहे ही! कुठल्या घराण्यातली?"

"ठाऊक नाही," रोवेना म्हणाली.

माणसांच्या आवाजाने डुकरीण उठून कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. तोवर ती दोघं पुढच्या खोपटाकडे वळली होती.