आणखी दहा मिनिटं

पडद्यावरचा आकडा अडतीस हजारांवरून हलायचं नाव घेत नव्हता.

एवढी माणसं मोबाईल हातात धरून खेळाच्या दाराशी ताटकळत होती, आणि आत जागा फक्त सहा हजारांची. खेळ बैलांच्या शर्यतीचा. सिडकोतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सातजणांनी दोन वर्षं खपून बनवलेला. पाच हजार लोक आले तरी पेढे वाटायचे, असं ठरलं होतं. आज सकाळी नऊला दार उघडलं आणि साडेनऊला सर्व्हर भरला. पेढ्यांच्या खोक्याची दोरीसुद्धा कोणी सोडली नव्हती.

खेळणाऱ्यांना उत्तरं द्यायचं काम करुणाचं. सकाळपासून ती एकच वाक्य पाठवत होती : ‘आणखी दहा मिनिटं थांबा.’

“आतले बाहेरच पडत नाहीयेत,” हिमांशू म्हणाला. सर्व्हर तोच सांभाळायचा. “पुन्हा नंबर लागणार नाही म्हणून जेवायला जातानाही बैल फिरत ठेवून जातायत. हे बघ.”

त्याच्या पडद्यावर शेकडो बैल धन्याशिवाय खुंट्याभोवती गोल गोल फिरत होते. शर्यत कोणीच पळत नव्हतं.

“नवीन सर्व्हर कधी?”

“मंगळवारी.”

आज शनिवार होता.

तेवढ्यात करुणाचा फोन वाजला. आईचा, मुकुंदवाडीहून. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि नळाला पाणी येऊन अकरा दिवस झाले होते. त्यातच गल्लीच्या तोंडाशी दोन नव्या इमारती उठल्या. त्यांचेही हंडे आता टँकरच्या त्याच रांगेत. रांगेचा कायदा कडक. हंड्यापाशी माणूस पाहिजे. नुसता हंडा ठेवून कोणी गेलं, तर मागच्या बायका तो उचलून बाजूला ठेवायच्या, आणि भांडायचीसुद्धा सोय नसायची. म्हणून करुणाची आई गोजरबाई सकाळी सहापासून, डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात बसून होती. साखरेचा आजार, आणि पोटात नुसता चहा.

“करू, इचार की त्या टँकरवाल्याला. कवा येतो म्हनावं.”

करुणानं चौथ्यांदा टँकरवाल्या रामकिसनला फोन लावला. आधी तिन्ही वेळा तो ‘दहा मिनिटांत, ताई’ म्हणाला होता, आणि तिन्ही वेळा तिनं ते आईला तसंच्या तसं कळवलं होतं.

“रामकिसनभाऊ, माझी माय उन्हात बसलीय. साखर आहे तिला. खरं सांगा.”

पलीकडं रामकिसननं आवाज खाली आणला.

“खरं सांगू का ताई? आज नाय येत. गाडी हर्सूलला बंद पडलीय. पण नाय म्हणलं की लोक लई शिव्या देतात हो.”

करुणानं फोन खाली ठेवला. समोर तिचंच वाक्य होतं, पुढच्या अडतीस हजार माणसांसाठी तयार. तिनं ते पुसलं आणि लिहिलं : ‘आज नंबर लागणार नाही. मंगळवारपर्यंत जागा होणार नाही. उगाच ताटकळू नका.’ आणि लगेच पाठवून दिलं.

मंदार सर आतल्या केबिनमधून धावतच आले. कंपनी त्यांची.

“करुणा, काय केलंस हे? अगं, वाट बघायला लोकांची ना नसते. फक्त किती वेळ, ते सांगायचं असतं.”

“तेच सांगितलं, सर. मंगळवारपर्यंत.”

तिघंही आकड्याकडं बघत राहिले. तो चारशेनं उतरला. करुणाच्या जिवात जीव आला. मग तो थांबला. मग चढायला लागला. एकोणचाळीस हजार. चाळीस.

हिमांशूनं खेळणाऱ्यांचे निरोप उघडले आणि मोठ्यानं वाचले. “‘बरं झालं, आता बाकीचे जातील.’ हा दुसरा, ‘गर्दी हटणार आहे, पोरांनो, लवकर या.’” त्याला हसू आवरेना.

मंदार सर डोकं धरून पेढ्यांच्या खोक्याशेजारी बसले.

करुणा फोन घेऊन जिन्यात गेली.

“माय, ऊठ. घरी जा. टँकर आज नाय येत. मी पक्कं विचारलंय.”

“नाय येत?”

“नाय.”

गोजरबाईनं फोन जरा लांब धरून गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला. “ए बायांनो! नाय यायचा म्हणं टँकर. माझी लेक सांगती, हापिसातून. जावा आपापल्या घरी!”

करुणा कान देऊन ऐकत राहिली. कोणी उठल्याची चाहूल नाही. हंडा वाजला नाही, चपला वाजल्या नाहीत. फक्त मागून कोणीतरी फिसकन हसलं.

“तुम्ही व्हा म्होरं, मावशी. आम्ही येतोच.”

“एक बी उठंना,” गोजरबाई फोनवर पुटपुटली. “लई हुशार झाल्यात.”

“मग तू तरी ऊठ की!”

“मी? आन् आला म्हंजे?”

“माय, चक्कर येऊन पडशील. ऐक माझं.”

“थांब, थांब जरा,” गोजरबाई घाईघाईनं म्हणाली. तापलेल्या डांबरावरून हंडा ओढल्याचा खरखर आवाज आला. “रांग सरकली वाटतं.”