पाच दगडांचं घर

केशवरावांनी सगळ्यात वरचा दगड उचलला, तोच मागून आवाज आला, "काका, ते नका मोडू."

त्यांनी वळून पाहिलं. तरुण नवराबायको उभे होते. पोरीच्या हातातही एक दगड होता. तो किल्ल्याच्या तटाचा आहे, हे केशवरावांना लांबूनच कळलं आणि त्यांचं टाळकं सरकलं.

किल्ल्याचा तट तेवढा उरला होता, तोही तुकड्यातुकड्यानं. चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड बसवून कुणीतरी फार जुन्या काळी तो उभा केलेला. केशवराव नोकरीभर बांधकामाचे नकाशे काढत आले होते. रिटायर झाल्यावर ते दर रविवारी इथं येऊन ढासळलेले दगड पुन्हा जागेवर बसवू लागले. सुरुवातीला बरोबर आलेली उत्साही मंडळी दोन-चार रविवारांत गळाली. केशवराव तेवढे टिकले.

त्यांचं खरं वैर होतं ते नवसाशी. टेकडीवर देवीचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या मागे पाच दगड एकावर एक रचले की स्वतःचं घर होतं, असं लोक मानतात. पावसानं लागोपाठ दगा दिला, गावोगाव टँकर फिरू लागले, तशी माणसं शेत सोडून शेंद्र्याच्या कारखान्यांकडे आली आणि पत्र्याच्या खोल्यांतून राहू लागली. देवळामागची चिमुकली घरं वाढली. दगड अर्थातच तटाचे. केशवराव सकाळभर तटावर राबत आणि जेवणाआधी ही घरं मोडून त्यांचे दगड परत नेत.

त्यांच्या पत्नी भानुमतीबाई डबा घेऊन सोबत येत आणि लिंबाच्या सावलीत बसत. आपलं म्हणावं असं एक घर असावं, एवढंच त्यांचं जन्माचं मागणं होतं. आधी गुलमंडीजवळच्या दोन खोल्या, मग सिडको, मग चिकलठाणा. शहर वाढत गेलं तसं हे बिऱ्हाड बाहेर बाहेर सरकत गेलं. आताच्या मालकानंही जागा बिल्डरला दिली होती आणि दिवाळीच्या आत खोल्या सोडायच्या होत्या. विषय निघाला की केशवराव म्हणत, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. त्यातलं एक केलं, तेवढं पुरे." लग्नाच्या पहिल्या वर्षी भानुमतीबाई यावर हसल्या होत्या. पुढं हसणं राहून गेलं.

केशवरावांनी त्या दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. नवरा सत्यम, बायको सोनिया. देवगाव रंगारीची विहीर आटल्यावर शेंद्र्याला आलेले. शेकडो वर्षं टिकलेली भिंत तुमच्या हौसेपायी चालली, असं बरंच काही ऐकल्यावर सत्यमनं खाली मान घातली आणि बायकोच्या हातातला दगड काढून मुकाट्यानं तटाशी ठेवून आला. सोनिया मात्र जागची हलली नाही.

"आमचं राहू द्या काका. आमी नाय रचत. पण हे मोडू नका. हे त्या काकूंचं हाय." तिनं लिंबाकडं बोट दाखवलं. "आत्ताच रचलं त्यांनी, आमच्यासमोर. मी म्हणलं, लई छान जमलं. तर म्हणल्या, दर रविवारी मोडतंय."

केशवराव हातातला दगड घेऊन तसेच उभे राहिले. या कोपऱ्यात दर रविवारी एक घर असायचं, हे त्यांना आठवलं. तळाशी रुंद दगड, सांध्यात दगडाच्या बारीक चिपा, कुठं डगमग नाही. एकदा तर मोडता मोडता त्यांनी मनातल्या मनात दादही दिली होती, की हा जो कोण आहे त्याला दगड बसवता येतो. त्यांना भयंकर लाज वाटली.

दगड होता तिथं ठेवून ते लिंबाखाली आले. भानुमतीबाई डबा उघडत होत्या. ते शेजारी बसले.

"मी मोडायचो ते इथून दिसायचं तुला?"

"दिसायचं की."

"मग बोलली का नाहीस? आणि मोडतंय म्हटल्यावर दर वेळी नवं कशाला रचायचं? देवीला एकदा सांगितलं, ते तिला पोचलंच असेल ना."

भानुमतीबाईंनी पोळीवर भाजी वाढली आणि ती त्यांच्या हातात दिली.

"देवीला नव्हते मी सांगत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगत होते."