हजेरी घेणारं जहाज

"पण समजा, एखादा माणूस जेवायला आलाच नाही, तर?" लॉरेटाने विचारलं.

यमीलाने पेन खाली ठेवलं. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या बंदराजवळच्या या दुकानात बसून तिने आजवर ढिगाने लोकांना जहाजांची तिकिटं काढून दिली होती. कुणी पोहण्याचे तलाव विचारत, कुणी जुगाराची टेबलं, कुणी दारू फुकट आहे का तेवढंच. न जेवणाऱ्याची चौकशी करणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"मिस लॉरेटा, जहाजावर न जेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. तिथे लोक दुसरं करतात काय?"

"तरी पण. समजा."

टेबलावर दोन जहाजांची माहितीपत्रकं पसरली होती आणि मधोमध लॉरेटाचा फोन, स्पीकर चालू करून. फोनवर डेन्व्हरहून तिचा मुलगा कर्टिस होता. आईच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून ही सहल त्याच्याकडून होती. स्वतः तो येणार नव्हता, कारण त्याला सवड नव्हती. ती त्याला कधीच नसे. 'सी कोलोसस' हे जहाज त्याने आईला न विचारताच पसंत करून टाकलं होतं. अठरा मजली, कोरं करकरीत. दुसरी, 'लेडी ऑगस्टा', हीदेखील काही होडी नव्हती, दोन हजार माणसं पोटात घेऊन फिरायची. पण कोलोससशेजारी ती लग्नघरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईसारखी दिसत होती.

"आई, कोलोससवर बावीस ठिकाणी जेवायची सोय आहे," कर्टिस म्हणाला. "वाटेल तेव्हा जा, वाटेल तिथे बस. कुणी काही विचारणार नाही."

"नाही ना विचारणार?" लॉरेटा म्हणाली आणि यमीलाकडे वळली. "आणि ऑगस्टावर?"

"तिथे अजून जुनी रीत आहे. रात्रीचं टेबल ठरलेलं. आठ जणांचं. आठवडाभर तीच माणसं, तोच वाढपी. एखाद्याचं तोंड बघवत नसलं तरी गोड येईपर्यंत सोसायचं. तुम्ही आला नाहीत तर वाढपी खोलीत फोन लावतो. नाही उचललात, तर दार वाजवायला माणूस पाठवतो."

"दार वाजवतो?"

"बडवतो म्हणा. लोक वैतागतात. तक्रारी मला ऐकाव्या लागतात."

लॉरेटा खुर्चीत पुढे सरकली. खोली आवरायला किती वेळा येतात? ऑगस्टावर सकाळ-संध्याकाळ. कोलोससवर एकदा, आणि नको म्हटलं तर तेही नाही. जहाज बुडायला लागलं तर काय करायचं, त्याची तालीम? कोलोससवर ती फोनवर बघायची आणि मोकळं व्हायचं. ऑगस्टावर सगळ्यांना डेकवर जमवतात आणि एकेकाचं नाव पुकारून हजेरी घेतात. जो सापडत नाही त्याला शोधून आणतात.

"नाव मोठ्याने घेतात?"

"भोंग्यातून. आणि हमखास चुकीचं घेतात."

लॉरेटाला हसू आलं. नवरा गेल्यापासून तिचं नाव मोठ्याने घ्यायची ती फक्त दवाखान्यातली बाई, तेही आडनाव लावून. तिला ना तलाव हवे होते ना समुद्र. समुद्र तिच्या खिडकीतून रोज दिसतच होता, आणि त्यानेही तिला कधी काही विचारलं नव्हतं. आपण दिसलो नाही तर कुणालातरी चुकल्यासारखं वाटेल, अशा ठिकाणी तिला चार दिवस राहायचं होतं. पण पोटच्या पोराला हे सांगणं म्हणजे पदर पसरणं. म्हणून ती आपली चादरी कोण बदलतं ते विचारत बसली होती.

"ऑगस्टा," ती म्हणाली.

"आई, ते म्हाताऱ्यांचं जहाज आहे!"

"आणि मी काय पाळण्यात आहे?"

"अगं, दोनदा दार वाजवणार, जेवायला हाका मारणार, हजेरी घेणार. सहलीला चाललीयस की शाळेत? मी तुला निवांतपणा देतोय."

"निवांतपणा माझ्या घरी पोत्याने पडलाय, बाळा. तुला हवा तर पाठवते."

यमीला उगाचच उठली आणि कॉफी करायला मागे गेली. कर्टिसचा आवाज मऊ झाला. लॉरेटाला त्याचा चढलेला आवाज परवडला असता.

"आई, तू एकटी नाहीयेस. एवढी मोठी इमारत आहे, माणसं आहेत. मार्चमध्ये तू बाथरूममध्ये घसरलीस, तेव्हा आला ना माणूस किल्लीने दार उघडून? तूच म्हणालीस, लगेच आला. लोकांचं लक्ष असतं ग."

तिनेच तसं सांगितलं होतं. त्याच्या जिवाला घोर नको म्हणून, आणि थोडं या आशेनेही, की तो खोदून विचारेल. त्याने विचारलं नव्हतं.

"लगेच नाही आला," ती म्हणाली. "मी शुक्रवारी पडले. तो सोमवारी आला."

यमीला कॉफीचे दोन इवलेसे कप हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"पण... आला ना?" कर्टिस चाचरत म्हणाला. "तू दिसली नाहीस म्हणून कुणीतरी बघायला आलं ना?"

"मला बघायला नाही रे," लॉरेटा म्हणाली. "महिन्याची फवारणी होती. तो झुरळांसाठी आला होता."