तांब्याचं नाणं

लग्नाच्या आदल्याच दिवशी मला सर्दीतापाने गाठलं. आईने माझी पाठ तांब्याच्या नाण्याने खरवडली. आमच्या जावा बेटावर अंगात शिरलेला वारा असाच काढतात. सकाळी ताप उतरला, पण खांद्यांवर लाल रेघा उमटल्या, आणि आमच्याकडे नवरानवरी उघड्या खांद्यांनीच मंडपात येतात. "अगं, वाघाशी झोंबलीस का?" नटवणारी मावशी पिवळा लेप थापत म्हणाली. सासूबाई कडक, आजारी मुलगी गळ्यात मारली म्हणतील, या धास्तीने मी मान वर केली नाही. मंडपात रीतीप्रमाणे नवरानवरीने एकमेकांवर विड्याची पानं फेकताना मला शिंक आली. लगेच समोरूनही आली. वर पाहिलं, तर नवऱ्याच्या खांद्यांवर लेपाखाली तशाच रेघा! सासूबाई आईच्या कानाशी लागल्या, "विहीणबाई, ते नाणं मुलीसोबतच द्या हो. आमचं कालच झिजलं." माझा जीव भांड्यात पडला. नाणं आम्हा दोघांना साठ वर्षं पुरलं.